डावी चप्पल जरा पुढे

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावस्येला खुशाल प्रवास करते, मांजर आडवं गेलं तर त्यालाच 'चल हट' म्हणते, आणि कुणी 'मला काहीतरी जाणवलं गं' असं सुरू केलं की मी फोन बघायला लागते. या सदरातले अनुभव दोन वर्षं वाचतेय ते निव्वळ करमणूक म्हणून, ऑफिसच्या पँट्रीत डबा खाता खाता. आणि आज मीच लिहायला बसलेय... भीतीची गोष्ट हवी असेल तर तुमची निराशा होईल. मला या सगळ्यात भीती फारशी वाटली नाही. लाज वाटली. अजून वाटतेय.

मी मूळची पुण्याची, लग्न होऊन सांगलीची सून, आणि अकरा वर्षं झाली सिंगापूरला. नवरा निखिल मरीन इंजिनिअर. आधी जहाजावर असायचा, आता किनाऱ्यावरची नोकरी आहे. मी वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे दिवसभर लोकांना 'हे का झालं नाही?' असं विचारायचं माझं काम. घरी आल्यावरही ते चालूच राहतं असं घरच्यांचं मत आहे. मुलगी ईरा, बारा वर्षांची. बुकित तिमाहला कॉन्डोत चौथ्या मजल्यावर राहतो. चपला-बूट इथल्या रिवाजाप्रमाणे दाराबाहेर.

मागच्या वर्षी जूनच्या सुट्टीत आम्ही जपानला गेलो. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांनाही घेऊन गेलो. पहिले चार दिवस टोकियोत स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती, कारण सासूबाई पक्क्या शाकाहारी, आणि तिकडे साध्या सुपातसुद्धा मासा असतो. म्हणून मी थालीपीठाची भाजणी, मेतकूट, खाकरे अशी एक स्वतंत्र पिशवीच नेली होती. निखिल म्हणाला, "आपण जपान बघायला चाललोय की महिला मंडळाचा स्टॉल लावायला?"

टोकियोनंतर उत्तरेला डोंगरातलं एक गाव. गावाचं नाव देत नाही, का ते पुढे कळेलच. गरम पाण्याचे झरे आणि जुन्या पद्धतीची लाकडी सराई. दोन रात्री. दारात पायरीशी बूट काढायचे आणि आत सपाता घालायच्या. तुम्ही पाठ वळवली की बूट कुणीतरी उचलून ठेवतं, आणि बाहेर पडताना बघावं तर ते पायरीखाली मांडलेले, टाचा आपल्याकडे, बोटं रस्त्याकडे. पाय घातला की चालू लागायचं.

हे करणाऱ्या बाई होत्या हारुए-सान. सत्तरीच्या असतील, अंगानं अगदी चिमुरड्या, करडा किमोनो. आमच्या खोलीचं सगळं त्याच बघायच्या. आम्ही जेवायला गेलो की येऊन गाद्या घालून जायच्या. पहिल्या दिवशी फिरायला निघताना मी नेहमीप्रमाणे डावा पाय आधी बुटात घालायला गेले आणि जरा अडखळले. बाईंनी फक्त बघितलं. त्यानंतर प्रत्येक वेळी माझा डावा बूट उजव्यापेक्षा दोन बोटं पुढे ठेवलेला असायचा. निखिलचे, ईराचे, सासूबाईंचे बूट सरळ, माझाच डावा पुढे. मला इतकं कौतुक वाटलं की मी फोटोसुद्धा काढला. सासूबाई म्हणाल्या, "बघ, न सांगता कळतं बायकांना. नाहीतर आपल्याकडे, सांगून सांगून जिभेला घट्टे पडतात." हे मला होतं की निखिलला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई त्या गरम पाण्यात उतरायला तयार झाल्या, फक्त आपल्या घरच्यांसाठी राखून ठेवता येणाऱ्या न्हाणीत आणि तेही गाऊन घालून. पाण्यात गंधक असतं, दागिने काळे पडतात अशी पाटी होती. म्हणून त्यांनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून माझ्याकडे दिल्या. त्या पाटल्या त्यांच्या आईच्या. सासरे गेल्यावरही त्यांनी त्या उतरवल्या नव्हत्या, "माहेरच्या आहेत, त्यांचा कुंकवाशी काय संबंध" असं सगळ्या भावकीला ठणकावून. मी त्या आरशाखालच्या खणात ठेवल्या. सकाळी पुन्हा पाण्यात उतरायचं होतं, म्हणून त्यांनी त्या परत मागितल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सामान भरताना खण उघडला तर पाटल्या नाहीत.

सगळी खोली उलटीपालटी केली, गाद्या झटकल्या, बॅगा रिकाम्या केल्या. निखिल म्हणत होता, "शांतपणे आठव." मला आठवत होतंच की! खणात ठेवलेल्या स्वच्छ आठवत होत्या. आणि आम्ही जेवायला गेलेलो असताना खोलीत एकच माणूस आलं होतं.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, तिचे डोळे चोराचे नाहीत."

"आई, डोळे बघून चोर कळले असते तर पोलीस कशाला लागले असते?" मी म्हटलं आणि खाली गेले.

पुढची वीस मिनिटं लिहायची म्हणून हे सगळं लिहायला घेतलं, आणि आता तीच लिहवत नाहीत. मी ओरडले. चाळिशीतला मालक फोनवर भाषांतर करून करून माफी मागत होता, त्याच्यावर ओरडले. बाईंना बोलवा म्हटलं. त्या आल्या, गुडघ्यावर बसल्या, कपाळ जमिनीला टेकवलं. मला ते कबुलीसारखं वाटलं. मी म्हटलं, त्यांची पिशवी दाखवा. मालकाचा चेहरा पडला, पण बाई स्वतःच उठल्या, कापडी पिशवी आणली आणि माझ्यासमोर रिकामी केली. एक कंगवा. चष्मा. मोज्यांचा जादा जोड. कागदात गुंडाळलेला अर्धा भाताचा गोळा. बस. ईरा माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात सोडला.

मालक म्हणाला पोलिसांना बोलावतो. मी म्हटलं आमची गाडी आहे, वेळ नाही, आणि तणतणत निघाले. पायरीशी आलो तर बूट मांडलेले. चौघांचेही. बाई बाजूला गुडघ्यावर बसलेल्या. माझा डावा बूट दोन बोटं पुढे. मी तो तसाच चढवला आणि त्यांच्याकडे न बघता स्टेशनला नेणाऱ्या व्हॅनमध्ये बसले. पाऊस पडत होता. ईरा मागच्या काचेतून बघत होती, ती म्हणाली, "She's still bowing." मी मान वळवली नाही.

परत आल्यावर मी इंटरनेटवर त्या सराईबद्दल लिहिलं, 'सामान सांभाळा, इथला स्टाफ चोर आहे.' तारा एकच.

त्याच आठवड्यात चपलांचं सुरू झालं. मी ऑफिसातून आले की चपला दाराबाहेर भिरकावते, एक इकडे, एक तिकडे. सकाळी दार उघडलं तर त्या नीट जोडीनं, बोटं लिफ्टकडे. वाटलं, ईरानं ठेवल्या असतील. "थँक्यू गं," म्हटलं. ती म्हणाली, "For what?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. निखिलचे बूट आडवे पडलेले, ईराचे कॅनव्हास एकावर एक, आणि मध्ये माझ्याच चपला शिस्तीत. मी चिडले. "कोण करतंय ही चेष्टा?"

"Not me lah!" ईरा म्हणाली. "मी माझे पण सरळ ठेवत नाही, तुझे कशाला ठेवू?" हे मात्र पटण्यासारखं होतं.

मग एका सकाळी मी खाली वाकून नीट बघितलं. डावी चप्पल दोन बोटं पुढे होती.

 त्या चपला पायानं वेड्यावाकड्या केल्या आणि ऑफिसला गेले.

जुलैच्या मध्यात एका रविवारी सासूबाईंना भेटायला म्हणून चार मराठी कुटुंबं जेवायला बोलावली होती. थालीपीठांचा बेत. इथल्या दमट हवेत पिठांना किडे होतात, म्हणून आम्ही सगळी पिठं फ्रीझरमध्ये टाकतो. जपानहून उरलेली भाजणीही परत आल्यावर तशीच फ्रीझरमध्ये गेली होती. ती परातीत ओतली आणि काहीतरी ठणकन वाजलं.

पाटल्या.

आणि मग आठवलं. अगदी लख्ख. जेवायला निघताना मला वाटलं होतं, खणाला कुलूप नाही. माझी आई प्रवासात दागिने नेहमी पिठाच्या डब्यात ठेवायची, चोर पिठात हात घालत नाही म्हणून. मी पाटल्या रुमालात न गुंडाळता तशाच भाजणीच्या पिशवीत खोचल्या होत्या आणि सगळे खोळंबलेत म्हणून धावत खाली गेले होते. पहिली जागा लक्षात राहिली, दुसरी पार पुसली गेली. काखेत कळसा म्हणतात तो असा. बॅगा रिकाम्या केल्या तेव्हा ती पिशवी मी स्वतःच उचलून बाजूला ठेवली होती, 'हे खाण्याचं आहे' म्हणून.

त्याच क्षणी हॉलमध्ये निखिल तीच गोष्ट सांगत होता. "जपान, जपान म्हणतात... तिथेही चोऱ्या होतात बरं का!" कुणीतरी म्हणालं, "कमाल आहे. विश्वास तरी कुणावर ठेवायचा?" स्वयंपाकघराच्या दारातून मला सासूबाई दिसत होत्या. हातात साध्या काचेच्या दोन बांगड्या, इथे लिटिल इंडियात घेतलेल्या. 

मला फक्त बाहेर जाऊन हात पुढे करायचा होता. एवढंच. तेही नाही केलं. नळाखाली पाटल्या धुतल्या, नॅपकिनमध्ये गुंडाळल्या, पर्समध्ये घातल्या आणि थालीपीठं थापायला घेतली. सगळ्यांनी खूप छान झालीत म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाटल्या ऑफिसच्या खणात कुलूपबंद केल्या. इंटरनेटवरचं ते वाक्य गुपचूप काढून टाकलं, आणि त्याजागी खरं काय ते लिहिलं नाही. आठवड्यानं सासूबाई तशाच, पाटल्यांविना, सांगलीला गेल्या. विमानतळावर म्हणाल्या, "जीवाला लावून घेऊ नकोस हो. गेल्या तर गेल्या." कर्म माझं! मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि त्यांना वाटलं सून किती मायाळू.

चपला रोज फिरतच होत्या. शेजारच्यांच्या दाराच्या बेलला कॅमेरा आहे, आमचं दार त्यात येतं. निखिलनं त्यांच्याकडून एका रात्रीचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. कॅमेरा हालचाल झाली तरच सुरू होतो, तो मी आत गेल्यावर बंद झाला आणि सकाळी मी दार उघडल्यावर सुरू झाला. पहिल्या चित्रात चपला विखुरलेल्या, दुसऱ्यात जोडीनं. निखिल बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "काहीतरी टेक्निकल असेल." इंजिनिअर माणूस, दुसरं काय म्हणणार!

गणपतीत पाया लेबारजवळ एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर आरतीला गेलो होतो. बाहेर लांब कॉमन कॉरिडॉर, तिथे तीस-चाळीस जोड चपलांचा नुसता खच. आरती करून बाहेर आलो तर त्या ढिगाच्या मधोमध हातभर जागा मोकळी आणि तिथे माझ्या निळ्या सँडल्स मांडलेल्या. नव्या होत्या, जपानहून आल्यावर घेतलेल्या. एकजण हसून म्हणाली, "काय गं, तुझं जपान अजून उतरलं नाही वाटतं!" सगळे हसले. मीही हसले. खाई त्याला खवखवे... माझे कान इतके तापले की वाटलं सगळ्यांना दिसतंय.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ईरा शेजारी बसली होती. तिनं अचानक विचारलं, "आई, why only yours?"

मी म्हटलं, काय माहीत.

ती म्हणाली, "I think तिचं काम अजून संपलं नाही. आपण तसेच आलो ना, तिला bye न करता."

मग मात्र मला राहवलं नाही. त्या भरल्या गाडीत, चिनी-मलय-तमिळ सगळ्यांच्या देखत मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. भाजणी, पाटल्या, ऑफिसचा खण. मला वाटलं ती ओरडेल. ती फक्त सरकून बसली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. निखिलला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "आईला तू फोन कर. मी नाही करणार." सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाटल्यांचं राहू दे. त्या बाईचं काय झालं ते बघ आधी."

मालकाला पत्र लिहिलं. खरं, सगळंच्या सगळं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्यात एकही कडक शब्द नव्हता, तेच जास्त लागलं. हारुए-साननी आम्ही गेल्याच्या आठवड्यातच काम सोडलं होतं. कुणी काढलं नव्हतं. पाहुण्याची वस्तू हरवली, त्या खोलीत मी गेले होते, तर मी इथे राहणं बरं नाही, असं म्हणाल्या होत्या. एकतीस वर्षं त्या तिथे होत्या. आता त्याच गावात भाचीकडे राहतात.

डिसेंबरच्या सुट्टीत ईरा आणि मी गेलो. सासूबाईंनी सांगलीहून कुरियरनं खणाचं कापड पाठवलं होतं. "माझ्या नावानं ओटी भर तिची. विधवा असली तरी भर, मी सांगतेय." नारळ-तांदूळ विमानतळावर अडवले असते, म्हणून नुसता खण. पाटल्या मी हातात घातल्या होत्या, त्यांना दाखवायला.

बर्फ पडलं होतं. आम्ही दोघी कॅनव्हासचे बूट घालून गेलो होतो, पार भिजलो. लहानसं घर. भाचीला थोडं इंग्रजी येत होतं. बाई बसक्या टेबलाशी पांघरूण घेऊन बसल्या होत्या. गुडघे धरलेत, आधाराशिवाय उठता येत नाही, असं भाची म्हणाली. मी विमानात जपानी माफीची दोन वाक्यं घोकली होती, ती ऐनवेळी साफ विसरले. मग मला जे येत होतं ते केलं, वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या घाबरल्या बिचाऱ्या, माझे खांदे धरून उठवायला लागल्या, आणि स्वतःच काहीतरी बोलून वाकायला लागल्या. भाची म्हणाली, "त्या म्हणतात, मी अजून नीट शोधायला हवं होतं. चुकलं माझं."

माझ्या हातात पाटल्या होत्या, आणि माफी त्या मागत होत्या.

मी खण त्यांच्या ओटीत घातला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला. सासूबाईंची चौकशी केली. मग माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. भाची गोंधळली, परत विचारून घेतलं आणि संकोचून म्हणाली, "माफ करा, हिचं आजकाल असं होतं. काम सोडल्यापासून रोज पहाटे दाराशी जाऊन बसते, जमिनीवर हात फिरवत असते. म्हणते, पाहुणे निघायचेत. आत्ता विचारतेय, त्या निळ्या सँडलचा पट्टा शिवून घेतलात का? डाव्या. म्हणते, तुटला तर पडाल."

ईरानं माझ्याकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं. डाव्या सँडलचा पट्टा आतल्या बाजूनं उसवला होता, निघायच्या चार दिवस आधी. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सँडल्स सिंगापूरला दाराबाहेर होत्या.

मी म्हटलं, "नाही शिवला. शिवते." भाचीनं सांगितलं तेव्हा बाईंनी मान हलवली, काळजी मिटल्यासारखी.

निघताना त्यांनी उठायचा प्रयत्न केला, भाचीनं बसवलं. मी मोजे चढवत होते, तेवढ्यात ईरा पुढे झाली, पायरीखाली बर्फाळ फरशीवर गुडघे टेकून बसली आणि माझे ओले बूट उचलून फिरवून ठेवले. डावा दोन बोटं पुढे. आतून बाईंचा आवाज आला. भाची हसून म्हणाली, "म्हणतात, बरोबर ठेवले."

त्या दिवसानंतर माझ्या चपला फिरल्या नाहीत. मी टाकते तशाच पडलेल्या असतात. पाटल्या सांगलीला सासूबाईंच्या हातात आहेत. सराईच्या पानावर मी माझ्या नावानिशी खरं काय ते लिहिलं, थालीपीठं खायला आलेल्या त्या चारही घरी जाऊन सांगितलं. पट्टा मी माझ्या हातानं शिवला, वाकडातिकडा. या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, निखिलकडेही नाही, आणि आता तो 'टेक्निकल' म्हणत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

रोज सकाळी दार उघडलं की मी आधी खाली बघते. चपला विखुरलेल्या दिसल्या की हायसं वाटायला हवं. नाही वाटत. सहा महिने ती म्हातारी बाई पहाटे उठून, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून, तिला चोर म्हणणाऱ्या बाईच्या चपला सरळ करत होती, तिनं पडू नये म्हणून. आणि त्यातले पाच महिने त्या बाईला खरं काय ते माहीत होतं.